साठ मुलांच्या वर्गात गटाने प्रोग्रामिंग शिकवायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवणाऱ्या प्राध्यापिकेने वर्गात चार-चार जणांचे गट केले, प्रोग्राम लिहायला दिला, आणि दर वेळी तेच घडलं. एकाने कोड लिहिला, दुसऱ्याने वहीत उतरवून घेतला, उरलेले दोघे मोबाइलवर. वर्गात साठच्या वर मुलं, बाकं जमिनीला ठोकलेली, तास साठ मिनिटांचा. अशा वर्गात गटाने शिकणं खरंच चालतं का, आणि चालत असेल तर कसं चालवायचं?

चालतं. इथे दोष मुलांचा नाही, दिलेल्या कामाचा आहे. ‘पॅलिन्ड्रोम (उलट वाचला तरी तोच राहणारा शब्द) तपासणारा प्रोग्राम लिहा’ हे एकट्याने करायचं काम आहे. ते चौघांना दिलं तर ज्याला येतं तो करणार आणि बाकीचे वाट बघणार, यात नवल काही नाही. गटाला द्यायचं काम असं हवं की आधी प्रत्येकाला स्वतःचं मत द्यावं लागेल, ती मतं फुटतील, आणि एका उत्तरावर येण्यासाठी बोलावंच लागेल. बाकं, भूमिका, गुण या सगळ्या गोष्टी त्यानंतरच्या.

पद्धतीला आधार भक्कम आहे. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापास होण्याची शक्यता कृतिशील वर्गांच्या, म्हणजे मुलं नुसती न ऐकता स्वतः काही करतात अशा वर्गांच्या, दीडपट निघाली. आपल्याकडचं उदाहरण हवं तर आयआयटी मुंबईचं आहे. तिथे पहिल्या वर्षाच्या प्रोग्रामिंगच्या शेकडो मुलांच्या वर्गात ‘आधी एकट्याने, मग शेजाऱ्याबरोबर, मग सगळ्यांसमोर’ असा क्रम वापरला गेला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी ८३ टक्के मुलं कामात गुंतलेली दिसली. तेव्हा ‘वर्ग मोठा आहे’ ही अडचण खरी असली तरी अडून बसावं एवढी मोठी नाही.

सुरुवात एका प्रश्नापासून

अख्खा विषय एकदम गटात नेऊ नका. तासाला एक चांगला बहुपर्यायी प्रश्न, एवढंच पहिल्या दोन आठवड्यांत करा. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ पासून ‘आधी मत, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा मत’ ही पद्धत वापरायला सुरुवात केली. संगणकाच्या विषयांना ती फार चांगली लागू पडते, कारण कोडचं उत्तर ठाम असतं आणि चुकीच्या समजुती मात्र नाना प्रकारच्या असतात. उदाहरणार्थ, फळ्यावर पायथनच्या या पाच ओळी लिहा (नावं इथे देवनागरीत दिली आहेत; चौकोनी कंसातली यादी म्हणजे लिस्ट, आणि अपेंड म्हणजे तिच्या शेवटी भर घालणं):

अ = [१, २, ३]
ब = अ
ब.अपेंड(४)
ब = ब + [५]
प्रिंट(अ)

पर्याय चार. क: [१, २, ३]. ख: [१, २, ३, ४]. ग: [१, २, ३, ४, ५]. घ: एरर येईल.

बरोबर उत्तर ख. पण प्रश्नाचा कस चुकीच्या पर्यायांत आहे. क निवडणाऱ्याला वाटतं की दुसऱ्या ओळीत लिस्टची प्रत तयार झाली. ग निवडणाऱ्याला वाटतं की अ आणि ब एकदा जोडले गेले ते कायमचे. घ निवडणाऱ्याला लिस्टमध्ये लिस्ट मिळवता येते हेच ठाऊक नसतं. म्हणजे कुठला पर्याय किती जणांनी दाखवला यावरून वर्गाच्या डोक्यात काय चाललंय ते कळतं. ‘वरीलपैकी नाही’ किंवा उगाच हास्यास्पद पर्याय टाकले की ही माहिती मिळत नाही. पर्याय घरी बसून सुचत नसतील तर गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिका उघडा. मुलांनी खरोखर केलेल्या चुकांइतके चांगले पर्याय दुसरीकडे मिळत नाहीत.

आता क्रम. प्रश्न दिल्यावर दीड-दोन मिनिटं पूर्ण शांतता, प्रत्येकाने उत्तर वहीत लिहायचं. हे लिहिणं सोडू नका. लिहिलं नसेल तर शेजाऱ्याचं ऐकताच ‘माझंही तेच’ म्हणणं सोपं जातं. मग मतदान. क्लिकर (मत नोंदवायची रिमोटसारखी यंत्रं) नकोत, मोबाइल ॲपही नको. ए-फोर कागदाची दोनदा घडी घालून चारही भागांवर क, ख, ग, घ मोठ्या अक्षरांत लिहायला सांगा. आकडा मोजून सगळ्यांनी एकाच वेळी कागद छातीशी धरायचा. डोक्यावर धरला तर मागचे पुढच्यांचं बघून बदलतात.

अंदाजे मोजा. बरोबर उत्तर तीस टक्क्यांहून कमी असेल तर चर्चेत काही निघणार नाही. ती कल्पना पुन्हा, वेगळ्या आकृतीने शिकवा. सत्तर टक्क्यांहून जास्त असेल तर दोन वाक्यांत खुलासा करून पुढे जा. मधल्या पट्ट्यात मत असेल तर ‘ज्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आहे त्याला गाठा आणि पटवून द्या’ असं सांगून दोन-तीन मिनिटं द्या. पहिल्या मतदानाचा निकाल या वेळी जाहीर करायचा नाही. बहुसंख्य कुठे आहेत हे कळलं की मुलं तर्क सोडून बहुमताकडे सरकतात. मग दुसरं मतदान, आणि त्यानंतरच तुमचा खुलासा: फळ्यावर लिस्टचा चौकोन काढा, अ आणि ब या नावांचे बाण त्याच्याकडे न्या, चौथ्या ओळीला नवा चौकोन काढून फक्त ब चा बाण तिकडे वळवा. ब = ब + [५] नवी लिस्ट करतं.

लगेच जोडप्रश्न द्या: चौथी ओळ ब += [५] अशी केली तर? आता उत्तर ग येतं, कारण ही क्रिया आहे त्याच लिस्टमध्ये भर घालते. पहिला प्रश्न नुसता ऐकून बरोबर केलेली मुलं इथे पकडली जातात.

या एका फेरीला आठ ते दहा मिनिटं लागतात. साठ मिनिटांत हजेरी आणि मधलं शिकवणं धरून तीनच फेऱ्या बसतात. चौथी कोंबलीत तर खुलासा घाईत उरकला जातो आणि सगळं वाया जातं.

गट कसे करायचे

मुलांना स्वतः गट करू देऊ नका. मैत्रीचे गट गप्पांत रमतात, आणि कुणालाच नको असलेली दोन-चार मुलं सगळ्यांदेखत एकटी पडतात. रोल नंबरनेही नको, कारण लॅबच्या बॅचेस त्याच क्रमाने असतात आणि तीच चौकडी सगळीकडे होते. यादी तुम्ही करा. संख्या चार, कमी पडलं तर तीन. पाच कधीच नको, पाचवा प्रेक्षक होतो. एकसष्ट मुलं असतील तर चौघांचे तेरा आणि तिघांचे तीन गट. ठोकलेल्या बाकांवर दोघे पुढच्या आणि दोघे मागच्या बाकावर बसवा, पुढच्यांनी मागे वळायचं. प्रत्येक गटाच्या मधोमध एकच कागद आणि एकच पेन. चार वह्या उघडल्या की चार स्वतंत्र कामं सुरू होतात.

अकरावी-बारावीला कॉम्प्युटर घेतलेली आणि न घेतलेली मुलं पहिल्या वर्षाच्या वर्गात एकत्र येतात. प्रत्येक गटाला एकेक ‘जाणकार’ वाटून देण्याचा मोह टाळा. जाणकार शिकवत नाही, करून टाकतो. दोन जाणकार एका गटात आणि बाकीचे गट साधारण समान तयारीचे, असं केलं तर काम वाटलं जातं. मुलग्यांच्या गटात एकच मुलगी, असंही शक्यतो करू नका. ती बहुधा लिहिण्याच्या कामाला लागते.

भाषेचा मुद्दा आपल्याकडे जास्त महत्त्वाचा आहे. डिचोली, सत्तरी, पेडण्याकडची बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणीतून शिकून पाचवीपासून इंग्रजीत गेलेली असतात. इंग्रजीत चर्चा करा म्हटलं की त्यांना जे कळलेलं असतं तेही बोलता येत नाही, आणि वर्गाला वाटतं त्यांना येतच नाही. पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: बोलायचं कोकणी, मराठी, हिंदी, जे जमेल त्यात, कागदावर उत्तर इंग्रजीत, कारण पेपर इंग्रजीत आहे. गटातला एकजण गोव्याबाहेरचा असेल तर भाषा त्याच्या सोयीनेही बघायला लावा. आणि ‘रेफरन्स’, ‘स्कोप’ असे शब्द नुसते फेकले गेले तर थांबवून ‘म्हणजे काय होतं, आकृती काढून दाखव’ असं विचारा.

गट चार ते सहा आठवडे तसेच ठेवा. लवकर बदलले तर ओळख होते न होते तोच संपतं. पावसाळी सत्रात चतुर्थीच्या सुट्टीनंतर गट बदलणं सोयीचं पडतं. लय तशीही तुटलेली असते.

भूमिका ठरवून द्या आणि दर तासाला फिरवा. मॅनेजर वेळ बघतो आणि गटाच्या वतीने हात वर करतो. रेकॉर्डर लिहितो. स्पीकर उत्तर सांगतो. तपासनीस ‘हे कशावरून?’ विचारतो आणि उत्तर एका वेगळ्या इनपुटवर चालवून बघतो. तिघांच्या गटात मॅनेजरच स्पीकर. तुमच्या वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलाला तपासनीस करा. त्याच्या हाती पेन नसेल तेव्हाच बाकीचे लिहितील.

गटाच्या कामाचा कागद

याचा उत्तम साचा रसायनशास्त्रातून आला. १९९० च्या दशकात अमेरिकेत घडलेली पोगिल नावाची ही पद्धत आता संगणकाच्या वर्गांतही वापरतात. आधी निरीक्षण, मग त्यातून नियम, मग नियमाचा वापर. आणि संज्ञेचं नाव शेवटी. बायनरी सर्चसाठी, म्हणजे दर वेळी मधली नोंद बघून निम्मी यादी सोडून देत शोधण्यासाठी, असा कागद करता येतो. वर दोन रकान्यांचा तक्ता: क्रमाने लावलेल्या यादीत किती नोंदी आणि जास्तीत जास्त किती तुलना. १० ला ४, १०० ला ७, १,००० ला १०, दहा लाखांना २०. पहिले दोन प्रश्न तक्त्यातून थेट वाचता येणारे, म्हणजे सगळ्यात बुजरा मुलगाही बोलतो. तिसरा: यादी दहापट झाली की तुलना कितीने वाढतात? चौथा: हजाराची दहा लाख, म्हणजे हजारपट झाली तेव्हा? पाचवा: यादी दुप्पट झाली तर किती वाढतील, आणि का? इथे गट अडतात आणि वाद होतात, तोच या कागदाचा गाभा. सहावा: यादी क्रमाने नसेल तर हा तक्ता का लागू होत नाही? लॉगॅरिदम हा शब्द सगळ्यांचा पाचवा प्रश्न झाल्यावर तुम्ही फळ्यावर लिहा.

चौथ्या प्रश्नानंतर ‘थांबा’ अशी जाड रेघ छापा. पंधरा गट आणि एक शिक्षक म्हणजे वीस मिनिटांत एका गटाला मिनिटभरच मिळतं. चुकलेला गट शेवटपर्यंत चुकीच्या वाटेने जातो. रेघेवर सगळ्यांना थांबवून दोन-तीन स्पीकरना उत्तर विचारलं की ही गळती थांबते. लवकर संपवणाऱ्या गटांसाठी मागच्या पानावर एक अवघड प्रश्न ठेवा, नाहीतर ते इतरांना उत्तरं सांगत फिरतात.

पहिली दोन मिनिटं कुठल्याही गटाजवळ जाऊ नका. शिक्षक जवळ दिसला की मुलं एकमेकांशी बोलायचं सोडून त्याच्याकडे बघतात. प्रश्न मॅनेजरनेच विचारायचा, आणि तोही चौघांनाही अडलेला असेल तरच. आवाज होणारच; बाजूच्या वर्गाच्या शिक्षकांना आणि विभागप्रमुखांना आधी कल्पना दिलेली बरी.

लॅबमध्ये जोडी

प्रॅक्टिकलला चार नको, दोन. एक ड्रायव्हर, त्याच्याच हातात कीबोर्ड. दुसरा नॅव्हिगेटर, जो पुढची पायरी सांगतो आणि चुका टिपतो. नॅव्हिगेटरने कीबोर्ड-माउसला हात लावायचा नाही, हा नियम कडक ठेवा. दर पंधरा मिनिटांनी मोठ्याने सांगून अदलाबदल. मुलांवर सोडलंत तर दोन तास एकच मुलगा टाइप करत राहतो. बॅचमध्ये वीस मुलं आणि वीस मशीन असली तरी दहाच चालू ठेवा. मॉनिटर दोन खुर्च्यांच्या मधोमध, अक्षरं दोघांनाही लांबून वाचता येतील एवढी मोठी. फाइल दोघांनाही पोचेल अशा शेअर्ड फोल्डरमध्ये, नाहीतर एकजण गैरहजर राहिला की दुसऱ्याचं काम अडतं. जोड्या साधारण सारख्या तयारीच्या करा. खूप पुढचा आणि खूप मागचा एकत्र बसवला तर दोघंही वैतागतात.

पावसात वीज जाते, आणि सगळ्या मशीनना यूपीएस असतोच असं नाही. त्यासाठी कपाटात पाकिटं तयार ठेवा: एका प्रोग्रामच्या ओळी वेगवेगळ्या पट्ट्यांवर छापून, कापून, सरमिसळ केलेल्या. हे कोडं पार्सन्स प्रॉब्लेम म्हणून ओळखलं जातं, २००६ साली न्यूझीलंडमधून पुढे आलं. आठ ते बारा ओळी आणि त्यांत दोन फसव्या, एवढं पुरे. बायनरी सर्चच्या पाकिटात ‘मध्य = (डावा + उजवा) / २’ ही पट्टी टाका (डावा आणि उजवा म्हणजे शोधायच्या भागाच्या दोन टोकांचे क्रमांक); पायथन ३ मध्ये हा भागाकार दशांशात येतो आणि लिस्टला तो इंडेक्स, म्हणजे जागेचा क्रमांक, म्हणून चालत नाही, दोन तिरक्या रेघांचाच भागाकार लागतो. दुसरी फसवी पट्टी ‘डावा = मध्य’. ती घेऊन [१०, २०] मध्ये १० शोधला तर लगेच सापडतो, सगळे खूश. २० शोधायला सांगा. डावा ०, उजवा १, मध्य ०. १० लहान म्हणून डावा पुन्हा ०. प्रोग्राम तिथेच फिरत राहतो. ‘मध्य + १’ का लागतो हे फळ्यावर दहा वेळा सांगून जेवढं ठसत नाही तेवढं हाताने हे आकडे मांडताना ठसतं.

गुण, तक्रारी, पोर्शन

गटाच्या कामाला एकूण गुणांपैकी पाच-दहा टक्क्यांहून जास्त देऊ नका. शून्य दिले तर मुलं येत नाहीत, जास्त दिले तर आयत्या बिळावरचे नागोबा तयार होतात. त्यावरचा खरा उपाय असा: आयएसएच्या (सत्र चालू असताना होणाऱ्या अंतर्गत मूल्यमापनाच्या) लेखी परीक्षेत गटात सोडवलेल्याच धर्तीचा प्रश्न एकेकट्याला घाला, आणि ते आधीच सांगून ठेवा. स्पीकर कोण ते आयत्या वेळी चिठ्ठी काढून ठरवलं की चौघांनाही तयार राहावं लागतं.

घरी करायचं गटकाम टाळा. कुणाला पेडण्याला जायचं असतं, कुणाला काणकोणला. कॉलेज सुटल्यावर सगळ्यांचा डोळा बसवर असतो. मग व्हॉट्सॲपवर एकजण कोड टाकतो आणि चौघं जमा करतात. गटकाम वर्गात, घरचं काम एकट्याचं.

पहिल्या महिन्यात ‘मॅडम, तुम्हीच शिकवा ना’ हे ऐकायला मिळेलच. २०१९ साली हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कृतिशील वर्गातल्या मुलांना आपण कमी शिकलो असं वाटत होतं, चाचणीत मात्र त्यांनाच जास्त गुण होते. गुळगुळीत व्याख्यान ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं, डोकं खाजवताना तसं वाटत नाही. हे मुलांना पहिल्याच तासाला सांगा, आणि पहिल्या चाचणीनंतर त्यांच्याच गुणांवरून पुन्हा दाखवा.

पोर्शनचं काय? वाचून कळण्यासारखं वर्गात सांगायचं नाही, हाच मार्ग. आदल्या रात्रीपर्यंत चार-पाच पानं वाचून गूगल फॉर्मवर तीन सोपे प्रश्न. तिसरा नेहमी ‘काय कळलं नाही?’ हा. सिंटॅक्स (कोड लिहिण्याचे नियम), इन्स्टॉलेशन, मेनू कुठे आहे, असल्या गोष्टींना गट लावू नका. त्या एका पानाच्या चिठ्ठीवर भागतात. गट ठेवा तो जिथे समजूत हटकून चुकते तिथे: रेफरन्स, रिकर्जन, पॉइंटर, जॉइन, डेडलॉक. पहिल्या वर्षी एकच युनिट असं शिकवून बघा.

एआय चॅटबॉटबद्दल एवढंच: थिअरीच्या तासाला फोन बॅगेत. लॅबमध्ये सत्राच्या उत्तरार्धात त्याने लिहिलेला कोड जोडीला द्या आणि तो कुठल्या इनपुटवर कोसळेल ते चालवण्याआधी कागदावर लिहायला सांगा.

प्रत्येक प्रश्नापुढे दोन्ही मतदानांचे आकडे त्याच दिवशी वहीत टिपा. पहिल्यात चाळीस टक्के आणि चर्चेनंतर पंच्याहत्तर, तर प्रश्न जपून ठेवा. चर्चेनंतरही आकडा हलला नसेल तर बहुधा प्रश्नाची भाषा संदिग्ध असते किंवा आधीची कल्पनाच पोचलेली नसते. तो पुढच्या सत्राआधी बदला. आकडा उलट खाली आला असेल तर एखादा चुकीचा पर्याय फारच पटण्यासारखा आहे. तो काढू नका, त्याच्यासाठी वेगळी आकृती आणि पाच मिनिटं जास्त राखून ठेवा.